ध्यानाला बसलं की डोकं जास्तच चालू होतं? लक्षणं पकडा, मग क्रमाने तपासा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "एरवी बरं असतं हो, डोळे मिटले की सगळं सुरू होतं." मग कोणी सांगतं, माझा स्वभावच चंचल. कोणी म्हणतं, हिंजवडीत नोकरी करणाऱ्याला हे जमायचं नाही. स्वभावापर्यंत जायची वेळ फार थोड्यांवर येते. घोळ सहसा बैठकीत, चहात, झोपेत नाहीतर फोनमध्ये सापडतो आणि तो निस्तरायला दमडी लागत नाही. म्हणून खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्या आधी, खर्चिक आणि अवघड नंतर, अशा लावल्या आहेत. मधली पायरी गाळू नका. घरात दहा मिनिटं नीट बसता येत नसताना थेट दहा दिवसांच्या शिबिराला जाणारे बरेच असतात, आणि त्यातले काही गुडघा धरून परत येतात.

आधी लक्षण नेमकं पकडा

"मन लागत नाही" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. डॉक्टरला "बरं नाही" सांगण्यासारखं ते झालं. तुमचं यातलं कोणतं?

- पहिल्याच मिनिटाला कामांची यादी सुरू होते: लाइट बिल, मुलाची फी, साहेबांना करायचा मेल.
- पाच-सात मिनिटं बरी जातात, मग मान खाली जाते आणि झटका बसून जाग येते.
- पायाला मुंग्या येतात, गुडघा किंवा कंबर ओरडायला लागते.
- श्वासाकडे बघायला लागलं की श्वासच अडखळतो, पुरत नाही असं वाटतं.
- बाहेरच्या प्रत्येक आवाजाचा संताप येतो.
- छातीत धडधड, घाम, विनाकारण भीती.
- बसल्यावर ठीक असतं, पण चार दिवस झाले की बसणंच बंद पडतं.

तीन दिवस एका वहीत चारच गोष्टी लिहा: किती वाजता बसलात, शेवटचा चहा-कॉफी कधी, आदल्या रात्री झोप किती, आणि त्रास अंदाजे कितव्या मिनिटाला सुरू झाला. या चारांत मिनिट सगळ्यात बोलकं. पहिल्या मिनिटाला त्रास असेल तर फोन, चहा किंवा डोक्यातली अर्धवट कामं बघा. पाचव्या-सातव्याला असेल तर झोप आणि पोक. बाराव्या-पंधराव्याला सुरू झाला तर पाय. सातपैकी दोन-तीन लक्षणं एकत्रही असू शकतात. जे आधी सुरू होतं ते आधी दुरुस्त करा, बाकीची पुष्कळदा त्याच्याच मागोमाग आलेली असतात.

योगसूत्रांत पतंजलींनी चित्ताचे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत: व्याधी, स्त्यान म्हणजे मनाचा जडपणा, संशय, प्रमाद म्हणजे हलगर्जीपणा, आलस्य, अविरती म्हणजे विषयांची ओढ, भ्रांतिदर्शन म्हणजे चुकीची समजूत, अलब्धभूमिकत्व म्हणजे पुढची पायरी हाती न लागणं आणि अनवस्थितत्व म्हणजे गाठलेल्या पायरीवर न टिकणं. यादीत पहिलं नाव व्याधीचं आहे, हे लक्षात असू द्या. स्वतःला चंचल ठरवण्याआधी शरीर बघा.

१. मुळात हा बिघाड आहे का?

सकाळचे सहा. तुम्ही श्वास मोजताय. एक. दोन. तीन. आज गुरुवार ना? पाणी बंद असेल. पिंप भरलं का काल? भरलं असेल, आईंना सांगितलं होतं. आई काल गप्प होत्या. त्या दिवशीचं मनात धरलं असेल. पण मी तरी काय चुकीचं बोललो? आणि मग एकदम: अरे, मी मोजत होतो.

या सगळ्याला तीस-चाळीस सेकंद लागतात. लोक पाणी, पिंप आणि आई यांना बिघाड समजतात. सरावाच्या दृष्टीने यातला सगळ्यात कामाचा क्षण "अरे" हा आहे. तिथे तुम्ही जागे झालात. तिथून पुन्हा एकपासून मोजायला लागणं, एवढाच व्यायाम. मन गेलंच नाही तर परत आणणार काय?

विचार दाबायला गेलात तर ते दुप्पट जोराने येतात. अमेरिकेत डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सांगितलं होतं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिली. "विचार नकोत" असं ठरवून बसणाऱ्याचं हेच होतं, कारण विचार आला का हे तपासायला मनाला तोच विचार सारखा शोधावा लागतो.

तपासायची रीत अशी. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवा. "अरे" झालं की एक पेर पुढे. चार बोटांची बारा पेरं होतात. दहा मिनिटांत बारा झाली, वीस झाली, तरी हरकत नाही. पहिल्या आठवड्यात आकडा लहान आणि दुसऱ्या आठवड्यात मोठा आला तर घाबरू नका, भटकल्याचं आता लवकर कळतंय. आकडा शून्य आला तर मात्र संशय घ्या. शून्यवाले बहुतेक झोपलेले असतात किंवा पूर्ण वेळ एकाच दिवास्वप्नात असतात.

परत येताना स्वतःला रागवायचं नाही. "पुन्हा गेलं! काय हे!" हाही विचारच, आणि तो पाण्याच्या पिंपापेक्षा चिकट असतो.

एवढं केल्यावर निम्म्या लोकांची तक्रार इथेच मिटायला हरकत नसते. तुमची मिटली असेल तर पुढचं वाचू नका, बसा जाऊन.

२. फोन आणि घड्याळ

फोन दुसऱ्या खोलीत. उलटा ठेवलेला, आवाज बंद केलेला, उशीखालचा, यातलं काही चालत नाही. तो थरथरेल याची मनाचा एक कोपरा वाट बघत राहतो. वेळेसाठी स्वयंपाकघरातलं टायमरवालं घड्याळ वापरा, किंवा दहा-बारा मिनिटांत जळून संपेल एवढा उदबत्तीचा तुकडा. तुकडा एकदा मोजून बघा, प्रत्येक कंपनीची काडी वेगळ्या वेगाने जळते. दमा किंवा धुराचा त्रास असेल तर उदबत्ती नको.

घड्याळ समोर नसावं. "किती झाली?" हा प्रश्न दर मिनिटाला डोळे उघडायला लावतो, आणि मग बसणं म्हणजे स्वारगेटला बसची वाट बघणं होतं.

३. चहा, जेवण, वेळ

कॉफी-चहातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. माणसागणिक हे कमी-जास्त होतं. म्हणजे ऑफिसातून निघताना साडेपाचला घेतलेल्या मोठ्या कॉफीतलं जवळजवळ अर्धं रात्री साडेदहाला अंगात असतं. त्या वेळी डोळे मिटून "मन शांत का होत नाही" विचारण्यात अर्थ नाही. अमृततुल्यचा एक छोटा कप फारसं बिघडवत नाही, पण दिवसात असे सहा होत असतील तर हिशेब एकत्र करा. पहिला बदल म्हणजे आठवडाभर दुपारी दोननंतर चहा-कॉफी नाही. एकदम सगळं सोडू नका, दोन-तीन दिवस डोकं ठणकतं आणि मग दोष ध्यानावर जातो.

भरपेट जेवणानंतर अडीच-तीन तास जाऊ द्या. पण उपाशीही बसू नका, पोटातली गुरगुर श्वासापेक्षा जोरात ऐकू येते. सकाळी एक केळं किंवा अर्धा पेला कोमट दूध चालतं.

वेळ कोणती, यावर वाद घालणारे खूप. ब्राह्ममुहूर्त उत्तमच, पण रात्री साडेबाराला झोपून साडेचारला उठणाऱ्याचा ब्राह्ममुहूर्त पेंगण्यात जातो. सोसायटीचा पाण्याचा पंप, दूधवाला, पहिला कुकर या तिघांच्या वेळा बघा आणि त्यांच्यामधली पंधरा मिनिटं धरा. वेळ रोज तीच हवी. रोज नव्याने "आज कधी बसू" ठरवावं लागलं की चौथ्या-पाचव्या दिवशी ठरतच नाही. शेवटच्या लक्षणाचं मूळ इथे आहे.

४. बैठक

इथे सगळ्यात जास्त चुका सापडतात आणि इथेच सगळ्यात कमी लोक बघतात, कारण मांडी घालून बसता येतं असं प्रत्येकाला वाटतं. जेवायला पंधरा मिनिटं बसणं वेगळं. तिथे आपण सारखे पुढे वाकतो, हलतो, वाढायला उठतो.

सपाट सतरंजीवर मांडी घालून बसा आणि बाजूने कोणाला तरी बघायला सांगा. गुडघे कमरेच्या सांध्यापेक्षा वर दिसतायत का? शहरात खुर्चीवर वाढलेल्या बहुतेकांचे दिसतात. तसं असलं की ओटीपोटाचं हाड मागे कलतं, कंबरेचा नैसर्गिक आत वळलेला बाक जातो, पाठ गोल होते, छाती मिटते. छाती मिटली की श्वास वरवरचा. श्वास वरवरचा झाला की एकतर सुस्ती येते, नाहीतर कासावीस व्हायला होतं. म्हणजे "झोप येते" आणि "श्वास पुरत नाही" ही दोन वेगळी वाटणारी लक्षणं एका पोकातून निघतात.

उपाय घरातच आहे. एक सोलापुरी चादर घ्या, लांबीत दोनदा आणि मग रुंदीत दोनदा घडी घाला. पुरेशी उंची आली नाही तर दुसरी तशीच घडी वर ठेवा. चार ते सहा इंच उंची बहुतेकांना पुरते. घडीच्या मधोमध बसू नका. पुढच्या एक तृतीयांश भागावर बसा, म्हणजे मांड्या पुढे उतरत्या राहतील. बसल्यावर एकदा दोन्ही हातांनी नितंबांचं मांस थोडं मागे-बाजूला सारा. बसायची दोन टोकदार हाडं घडीवर टेकल्याचं कळलं पाहिजे. आता हात कमरेवर मागे न्या. मणक्याच्या दोन्ही बाजूंना किंचित खोलगट लागलं तर उंची बरोबर. सपाट किंवा फुगीर लागलं तर अजून एक घडी.

गुडघे अधांतरी राहिले तर ते खाली दाबू नका. दोन्हींखाली टॉवेलची गुंडाळी सारा. अधांतरी गुडघा धरून ठेवायला जांघेचे स्नायू सतत राबतात आणि दहाव्या मिनिटाला तेच दुखायला लागतात.

हात मांडीवर लोंबते राहिले तर खांदे पुढे ओढले जातात. पोटाशी घडी केलेली शाल ठेवून तिच्यावर पंजे ठेवा. हनुवटी किंचित आत, दात एकमेकांना न टेकलेले, जीभ टाळूला हलकी. जबडा आवळला असेल तर कपाळही आवळलेलं असतं, बघा करून.

पायाला मुंग्या येतात त्या प्रामुख्याने नस दाबली गेल्यामुळे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पिंढरीच्या वरच्या टोकाला नस हाडावरून अगदी वरवर जाते, आणि तिथे दुसऱ्या पायाचा किंवा जमिनीचा दाब आला की पाऊल बधिर होतं. पाय एकावर एक न ठेवता दोन्ही नडग्या पुढेमागे जमिनीवर ठेवल्या तर बराच फरक पडतो. बधिर पायावर लगेच उभं राहू नका. पाऊल मुरगळून पडणारे असतात. मिनिट-दोन मिनिटांत जाणीव परत यायला हवी. अर्धा तास झाला तरी पाऊल जड असेल किंवा चालताना पुढचा भाग घासत असेल तर जमिनीवर बसणं बंद आणि डॉक्टरकडे.

गुडघ्याच्या आत, सांध्यात कळ येत असेल तर ती सोसायची नाही. मांडीच्या स्नायूचा ताण सोसला तर चालतो, सांध्याची कळ नाही. सरळ खुर्ची घ्या: हात नसलेली, बैठक सपाट असलेली जेवणाच्या टेबलाची खुर्ची. पाठ न टेकता पुढच्या भागावर बसा, तळवे पूर्ण जमिनीवर. उंची कमी असलेल्यांचे पाय लोंबकळतात; त्यांनी पायाखाली जेवायचा पाट घ्यावा. खुर्चीवर केलेलं ध्यान कमी प्रतीचं, हा समज कुठून आला कळत नाही. पतंजलींचं सूत्र "स्थिरसुखमासनम्", म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन, एवढंच आहे. त्यात ना मांडी आहे, ना पद्मासन.

बाजारात "ध्यान आसन" म्हणून गोल उशा मिळतात. वाईट नसतात. पण आधी चादरीवर तुमची उंची ठरवा, मग त्या मापाची उशी घ्या. उलटं केलं की उशी दिवाणावर लोळत पडते.

५. श्वास

"श्वास बघा" सांगितलं की माणूस श्वास घ्यायला लागतो. खोल, मोठा, मुद्दाम. असे मोठे श्वास मिनिटभर भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो; डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, छातीत कसंतरी होतं. यालाच कोणी "ऊर्जा जागृत झाली" म्हणतात, तर कोणी घाबरून उठतात. दोघांनीही श्वासावरचा हात काढून घ्यायचा.

सुरुवातीला दोन-तीन मिनिटं मात्र मुद्दाम लय लावलेली बरी: नाकाने चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. दहा सेकंदांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला सहा. श्वास आत घेताना नाडी किंचित वाढते आणि सोडताना मंदावते. म्हणून बाहेरचा श्वास लांबवला की शरीराला सावकाश होण्याचा इशारा मिळतो. मनगटावर नाडी धरून बघा, बऱ्याच जणांना हे बोटांना कळतं. आकडे मोजताना दम लागत असेल तर तीन-चार करा. नंतर मोजणं सोडून द्या आणि श्वास जसा येईल तसा येऊ द्या, नाकपुडीच्या कडेला गार-कोमट लागतंय तेवढंच बघा.

भ्रामरीचे पाच-सहा आवर्तनही चालतात, गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. ज्यांना धडधडीचा त्रास आहे त्यांनी ध्यानाआधी भस्त्रिका आणि कपालभाती टाळावी. त्या चेतवणाऱ्या क्रिया आहेत. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखून धरायचा नाही.

नाक चोंदलेलं असेल तर हे सगळं व्यर्थ. पुण्यात थंडीतली धूळ, बांधकामांची माती, आणि गाजर गवत. हे गवत भारतात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यातच, आणि त्याच्या परागांनी सर्दी-शिंका येणारे आजही आहेत. अशा दिवसांत श्वासाऐवजी हाताच्या तळव्यांची जाणीव किंवा नामजप धरा.

६. आवाज

गणपतीआधी दीड-दोन महिने संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो. नारायण पेठेत किंवा डेक्कनला राहून त्या वेळी "शांतता हवी" म्हणणं म्हणजे पावसाळ्यात अंगणात पापड वाळत घालणं. वेळ सकाळची करा. ते शक्य नसेल तर आवाजालाच धरा: ढोल ऐकू आला की मनात फक्त "आवाज", टँकरचा हॉर्न आला की "आवाज". आवाज कोणाचा, का, परवानगी आहे का, नगरसेवकाला सांगावं का, इकडे गेलात की पेरावरचा अंगठा पुढे सरकवा आणि परत या. त्रास ढोलापेक्षा त्यावरच्या अग्रलेखाचा जास्त असतो.

आवाज बंद करणारे महागडे हेडफोन या टप्प्यावर घेऊ नका. त्यात स्वतःच्या कानातली किरकिर मोठी ऐकू येते आणि काहींना तीच जास्त छळते.

७. झोप

बैठक दुरुस्त करूनही पेंग येत असेल तर प्रश्न सोपा आहे: रविवारी गजर नसताना तुम्ही किती जास्त झोपता? दोन तास किंवा त्याहून जास्त असेल तर झोपेचं कर्ज आहे, आणि शरीर ते ध्यानाच्या वेळेतून वसूल करतंय. दहा दिवस रात्री पाऊण तास लवकर झोपा. पहाटेचं ध्यान वाचवण्यासाठी झोप कापू नका.

तात्पुरते उपाय: डोळे अर्धे उघडे ठेवून चार फूट पुढे जमिनीवर नजर, तोंडावर गार पाणी, तरीही मान गेली तर उठून चालत ध्यान. घरातली दहा-बारा पावलांची जागा पुरते. टाच, तळवा, बोटं एवढंच बघत सावकाश जा आणि या. अंथरुणावर पडून करायचं ध्यान ही झोपेची तयारी आहे. रात्री झोप येत नसेल तर ते जरूर करा, पण त्याला बैठकीत धरू नका.

घोरणं मोठं असेल, रात्री श्वास अडकल्याचं घरचे सांगत असतील, सात-आठ तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील तर ध्यानाशी खेळत बसू नका. झोपेत श्वास थांबण्याचा आजार असू शकतो, आणि त्याची तपासणी वेगळी.

८. डोक्यातली अर्धवट कामं

पहिल्या मिनिटालाच यादी सुरू होणाऱ्यांसाठी: बसण्याआधी तीन मिनिटं कागदावर सगळं उतरवा. फोनवर नाही, कागदावर. प्रत्येक कामापुढे एकच गोष्ट: कधी. "लाइट बिल, दुपारी जेवताना." "ताईला फोन, रात्री." कामाला वेळ नेमून दिली की ते डोक्यात वारंवार दार वाजवत नाही. कागद बैठकीपासून हात पोचणार नाही इतका लांब ठेवा. मधे काही अगदी महत्त्वाचं सुचलं तरी उठायचं नाही. खरंच महत्त्वाचं असेल तर दहा मिनिटांनीही आठवतं.

अंगातच खुमखुमी असेल, म्हणजे पाय हलतायत, बसवत नाही, तर आधी शरीर दमवा. सावकाश दहा-बारा सूर्यनमस्कार, किंवा हनुमान टेकडी, तळजाई, जे जवळ असेल तिथे वीस-पंचवीस मिनिटं चालून या, आणि घाम सुकल्यावर बसा. दिवसभर वाकडहून येरवड्यापर्यंत गाडी हाकून आल्यावर थेट डोळे मिटणं म्हणजे चौथ्या गिअरमध्ये हँडब्रेक ओढणं.

९. पद्धत

इथवर सगळं तपासून झालं तरच पद्धत बदला. सोमवारी श्वास, मंगळवारी चक्रं, बुधवारी ॲपवरची बाई, असं चाललं असेल तर बिघाड शोधताच येत नाही. एक पद्धत, रोज आठ मिनिटं, किमान तीन आठवडे. मग दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. वीसवर थांबलात तरी चालेल.

कोणाला काय लागू पडतं, याचा ढोबळ अंदाज: शब्दांतच विचार करणाऱ्या, सारखं मनात बोलणाऱ्या माणसाला जप बरा, कारण शब्दाची जागा शब्दच घेतो, १०८ मण्यांची माळ हाताला काम देते. अंग आवळून राहणाऱ्याला पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत सावकाश लक्ष फिरवणं. छातीकडे लक्ष गेलं की घाबरणाऱ्याने श्वास-हृदय सोडून तळव्यांवर किंवा चालण्यावर यावं. अशांना डोळे उघडे ठेवूनच सुरू करायला सांगावं, तेही तीन मिनिटं.

पैसे भरून घ्यायची ॲपं याच टप्प्यावर. कोणाच्या तरी आवाजाशिवाय दोन मिनिटंही बसता येत नाही अशी सवय लागली तर आठवड्यातले दोन दिवस ते बंद ठेवा.

१०. शिकवणारा माणूस

दीड-दोन महिने हे करून गाडी अडलेलीच असेल तर समोर बसून बघणारा कोणीतरी हवा. तक्रार शरीराची असेल तर आसनं शिकवणाऱ्याकडे जा: पुण्यात मॉडेल कॉलनीतली योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे, आणि घोंगड्या, लाकडी ठोकळे, पट्टे यांचा आधार देऊन बसवण्याची त्यांची रीत कडक शरीरांना उपयोगी पडते. प्राणायामासाठी लोणावळ्याचं कैवल्यधाम, १९२४ पासूनचं.

विपश्यनेचं दहा दिवसांचं निवासी शिबिर आळंदीजवळ मरकळला भरतं. फी नसते, दानावर चालतं. पण पहाटे चारची घंटा, दिवसाचे दहाएक तास बसणं आणि मौन, याची तयारी नसताना जाऊ नका. रोज वीस मिनिटं दोन महिने जमलीत, बैठक ठरलीय, मग जा. अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात. तिथे खरं लिहा. लपवून गेलेल्याची तिसऱ्या-चौथ्या दिवशी फार ओढाताण होते, आणि ती टाळण्यासाठीच तो रकाना आहे.

इथे थांबा

खालचं काही असेल तर वरची एकही तपासणी करत बसू नका.

छातीत दुखणं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, घाम, श्वास न पुरणं: हे "ध्यानात काहीतरी झालं" नव्हे. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

बसलं नसतानाही धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं, उकाडा सहन न होणं: थायरॉइड तपासा. सततचा थकवा, दम, हातापायांना कायमच्या मुंग्या: हिमोग्लोबिन आणि बी-१२. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता पुष्कळ सापडते, आणि तिच्यावर ध्यान चालत नाही. यासाठी नेहमीचे फॅमिली डॉक्टर पुरेत.

डोळे मिटले की जुना अपघात, मारहाण, कोणाचा मृत्यू जसाच्या तसा समोर येत असेल तर एकट्याने बसणं बंद करा. "बाहेर पडू दे, मोकळं होईल" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. मानसोपचारतज्ज्ञाबरोबर, डोळे उघडे ठेवून, हळूहळू यातून जाता येतं.

दोन आठवड्यांहून जास्त उदास, कशात रस नाही, झोप-भूक गेलेली. किंवा उलट, तीन-चार दिवस झोप न लागताही प्रचंड उत्साह, आपल्याला काही विशेष कळलंय अशी खात्री. किंवा इतरांना न ऐकू येणारे आवाज: मानसोपचारतज्ज्ञ, आणि तोवर ध्यान पूर्ण बंद. आधी असा आजार होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब शिबिर नको. चालू गोळ्या "आता ध्यान करतो" म्हणून परस्पर बंद करायच्या नाहीत.

जीव द्यावासा वाटत असेल तर आजच, आत्ताच बोला. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. एकट्याने जाऊ नका, घरातलं कोणीतरी बरोबर घ्या.

डॉक्टरकडे जाताना ती वही न्या. वेळ, चहा, झोप, कितव्या मिनिटाला काय झालं, हे सगळं तीत असतं, आणि पहिल्या भेटीत डॉक्टर नेमकं तेच विचारतात.